अमिश कारागिरांची भरभराट

अमेरिकेंतील अमिश लोकांच्या धंद्यांस यश कां येतें, असें विचारलें कीं ते कष्टाळू, काटकसरी व सचोटीचे आहेत, हें उत्तर तयारच असतें. उत्तर खोटें नाहीं. परंतु अपुरें आहे, असें आम्हांस वाटतें. कष्टाळू व काटकसरी माणसें सर्व देशांत आहेत, आणि त्यांपैकीं पुष्कळांचें दिवाळें वाजतें.

1693 च्या सुमारास जाकोब अम्मान याच्या अनुयायांनीं स्वित्झर्लंड व आल्सास येथील आपल्या धर्मबंधूंपासून फारकत घेतली. अठराव्या शतकांत हे लोक पेनसिल्व्हेनियांत येऊं लागले, आणि तेथें शेती हाच त्यांचा आवडता व्यवसाय ठरला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत मात्र लँकेस्टर परगण्यांत जमिनीचे भाव भलतेच चढले. आणि घरोघरीं सहा-सात मुलें! सुमारें वीस वर्षांत ही लोकसंख्या दुप्पट होते. सर्वांस शेत कोठून आणावें? कारखान्यांत जावें, तर बाप दिवसभर घराबाहेर. म्हणून गोठ्याशेजारींच सुतारशाळा व बग्ग्यांचीं दुकानें उभीं राहिलीं. क्रेबिल व नोल्ट या विद्वानांच्या 1995 च्या ग्रंथांत त्यांचा वृत्तांत आहे. बुडालेल्या धंद्यांचें प्रमाण शेंकडा दहाहूनही कमी आढळलें.

आता येथील खरी गंमत पाहावी. सार्वजनिक विजेच्या तारा घरांत घ्यावयाच्या नाहींत, असा त्यांच्या 'ओर्डनुंग' नामक आचारनियमांचा दंडक. कारागिरानें डिझेलचें इंजिन बसविलें, त्याच्या जोरावर हवा दाबून भरली, आणि करवती व रंधायंत्रें त्या हवेवर किंवा तेलाच्या दाबावर चालविलीं! मोटार बाळगावयाची नाहीं; तेव्हां माल पोंचविण्यास बाहेरचा गाडीवान भाड्यानें. निषेधानें धंदा मेला नाहीं. तो आटोपशीर राहिला. मजूर म्हणजे मुलें व भाचे-पुतणे; घर जळालें तर विमा कंपनी नव्हे, बिरादरी धांवून येते. 1961 मध्यें सामाजिक विम्याचा कर न भरल्याबद्दल एका अमिश शेतकऱ्याचे तीन घोडे सरकारनें जप्त केले होते. पुढें 1965 च्या कायद्यानें स्वतंत्र धंदा करणाऱ्या अमिशांस त्या करांतून सूट मिळाली. ही सवलत हिशेबांत धरलीच पाहिजे.

याची किंमत मुलें देतात. शाळा आठव्या इयत्तेस संपते, व चौदाव्या-पंधराव्या वर्षीं हातांत हत्यार येतें. 1972 मध्यें अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें आईबापांचा हा हक्क मान्य केला. मुलांचें स्वतःचें मतही विचारावयास हवें, असें न्यायमूर्ति डग्लस यांनीं अंशतः भिन्न निकालपत्रांत म्हटलें. आमचा कौल डग्लस यांच्याकडे आहे. समाज सोडूं पाहणाऱ्या मुलास सुतारकी येते, पण पुढील शिक्षणाची वाट बिकट असते.

केवळ स्वभावच यशाचें मूळ असता, तर इंडियानांतील अमिशांचीं हकीकत निराळी झाली असती. तेथें पुष्कळ पुरुष फिरत्या घरांच्या गाड्या बनविणाऱ्या कारखान्यांत भरघोस पगारावर होते. धर्म तोच, काटकसरही तीच. 2008 च्या मंदींत कारखाने थंडावले, आणि हजारों कामगारांबरोबर तेही घरीं बसले. त्यांतील कित्येकांनीं मग आपल्याच अंगणांत लांकूडकामाचीं दुकानें थाटलीं.

उलट लँकेस्टरकडे निराळाच पेंच आहे: दुकान वाढतें, मालक शेजाऱ्यांहून फार श्रीमंत होतो, आणि मंडळींत कुजबूज सुरू होते. धंदा फार मोठा झाला म्हणून तो विकून टाकणारे मालकही तेथें झाले आहेत.