सिल्वासा १९५४: मागं कोण होतं?

१९७१ मध्ये 'रॉ'नं मुक्तिवाहिनीला कशी मदत केली, यावर आपण तासन्‌तास बोलतो. पण रॉ जन्मली १९६८ ला. आजची गोष्ट त्याच्या १४ वर्षं आधीची. आणि तिच्यात कोल्हापुरात जन्मलेला एक माणूस आहे: सुधीर फडके. होय, गीतरामायणवाले बाबूजी!

दादरा-नगर हवेली तेव्हा पोर्तुगीजांकडं होती. २२ जुलै १९५४ ला गोव्याच्या स्वयंसेवकांनी दादरा घेतलं. २ ऑगस्टला आझाद गोमंतक दल आणि संघाची माणसं सिल्वासात शिरली. या मोहिमेत बाबूजी होते. पैसा उभा करायला लता मंगेशकरांच्या गाण्याचा कार्यक्रम झाला.

पोर्तुगाल म्हणालं, पोरं नुसती पुढं केलीत, मागं भारत सरकार आहे. १९५५ ला हेगच्या कोर्टात केस!

मग खरं काय? भारतानं लष्कर पाठवलं नाही. पण दमणहून निघणाऱ्या पोर्तुगीज कुमकेला आपल्या हद्दीतून जाऊही दिलं नाही. कॅप्टन फिदाल्गो शेवटी शरण गेला तो भारतीय पोलिसांनाच.

१२ एप्रिल १९६० ला निकाल लागला. सैन्य नेण्याचा हक्क पोर्तुगालला नाही, ८ विरुद्ध ७. एका मताचा फरक!

म्हणजे मदत बंदुकीचीच लागते असं नाही, गेट बंद ठेवलं तरी पुरतं. जीव धोक्यात घातला तो पोरांनी, त्यांचं श्रेय त्यांचंच. पण 'आमचा काही संबंध नाही' असं एखादा देश म्हणतो तेव्हा आपण हसतो ना? १९५४ ला ते वाक्य आपलं होतं.