शुद्ध अन्नाचेही वावडे

वर्गातल्या मुलांना बिस्किटपुड्यांची रिकामी वेष्टने आणायला सांगा. घटकांच्या यादीजवळ गहू, दूध, सोया यांची वेगळी सूचना दिसेल. हिंगोलीतल्या मुलांना त्यातले सोयाबीन शेतातूनच ओळखीचे. मग त्याबद्दल सावध कशासाठी करायचे?

आपले जुने अन्नकायदे भेसळीच्या धास्तीतून जन्मले. मुंबई प्रांतात १९२५ साली असा कायदा झाला. हिंगोली तेव्हा निजामाच्या राज्यात होती. देशभराचा १९५४चा कायदा १ जून १९५५ रोजी अमलात आला, तेव्हाही हिंगोली हैदराबाद राज्यातच होती. या कायद्यांच्या लेखी गुन्हेगार एकच, लबाड विक्रेता. माल शुद्ध म्हणजे काळजी मिटली!

पण 'मला अमुक वावडे आहे' असे आपली आजी म्हणायची, तेव्हा तिचा राग दुकानदारावर नसे. व्हिएन्नातील डॉक्टर पिर्के यांनी १९०६ साली 'अ‍ॅलर्जी' हा शब्द घडवला. पुढे १९२१ साली जर्मनीत प्राउसनिट्झ आणि क्यूस्टनर यांनी एक धाडसी प्रयोग केला. क्यूस्टनर यांना शिजवलेले मासे सोसत नसत. त्यांच्या रक्ताचा द्रव प्राउसनिट्झ यांनी स्वतःच्या कातडीत टोचून घेतला. नंतर त्याच जागी माशाचा अर्क टोचताच गांध उठली. म्हणजे दोष माशात नव्हता, रक्तातल्या कशात तरी होता. ते 'काहीतरी' म्हणजे आयजीई हे प्रतिपिंड, हे १९६०च्या दशकात कळले. निरुपद्रवी प्रथिनालाच ते शत्रू समजते. कधी नुसते पित्त उठते, कधी श्वास कोंडून जीवही जातो.

अशा माणसाला शुद्धतेचा काय उपयोग? त्याला हवी माहिती. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानक संस्थेने १९९९ साली अशा पदार्थांची यादी स्वीकारली. भारतात २०२०च्या लेबल नियमांनी ग्लूटेनयुक्त धान्ये, कवचधारी जलचर, दूध, अंडी, मासे, शेंगदाणे व कठीण कवचाची फळे, सोयाबीन आणि किलोमागे १० मिलिग्रॅम वा अधिक सल्फाइट यांची सूचना सक्तीची केली. कच्चा शेतमाल आणि या पदार्थांपासून काढलेली तेले यांतून वगळली.

या यादीत तीळ नाही. अमेरिकेत १ जानेवारी २०२३पासून तिळाची नोंद सक्तीची झाली; जागतिक तज्ज्ञगटानेही तीळ घ्यावा आणि सोयाबीन मुख्य यादीतून काढावे, असे सुचवले. हरभऱ्याची अ‍ॅलर्जी भारतीय रुग्णांत आढळली आहे, पण बेसनही यादीबाहेरच. संक्रांतीला वर्गात तिळगूळ वाटताना कोणाला काही सोसत नाही का, हे मग शिक्षकांनाच विचारावे लागते.

आणखी एक गोष्ट. लेबलावरचा मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत असला की नियम पाळला जातो. मराठी असलीच पाहिजे असे नाही. औंढ्याच्या किंवा सेनगावच्या दुकानात पुडा घेणारी आई त्यावर काय वाचते, हे मुलांकरवी विचारून पाहा.