एका सीटची गाडी

आमच्या अब्बांची बुलेट 1987 सालची, साडेतीनशे सीसीची. ते गेल्यावर दोन वर्षं ती मिरजेच्या घरी जिन्याखाली चादर पांघरून उभी होती. 2013 च्या शेवटी रॉयल एनफिल्डनं कॉन्टिनेंटल जीटी नावाची 535 सीसीची गाडी भारतात आणली. खाली झुकलेलं हँडल, लांबट लाल टाकी आणि मागं कुबड असलेली एकाच माणसाची सीट. किंमत दोन लाखांच्या पुढं. माझ्याकडं त्या वेळी होते पस्तीस हजार. तेवढ्यात अब्बांच्या गाडीची तसलीच रेसवाली गाडी करायची असं मी ठरवलं. पण उस्तादांच्या गॅरेजवर जाण्याआधी या प्रकाराचा इतिहास वाचायला घेतला, आणि जीव भांड्यात पडला. हा सगळा प्रकार मुळात खिशात पैसे नसलेल्या पोरांनीच काढलेला होता.

लंडनच्या नॉर्थ सर्क्युलर रस्त्यावर 1938 साली एस कॅफे सुरू झालं. रात्रभर उघडं, ट्रकवाल्यांसाठी. आपल्याकडच्या हायवेवरचा ढाबाच म्हणा. दुसऱ्या महायुद्धात बॉम्ब पडून ते उद्ध्वस्त झालं आणि 1949 मध्ये पुन्हा उभं राहिलं. पन्नाशीच्या दशकात तिथं कारखान्यात, वर्कशॉपात काम करणारी पोरं मोटारसायकली घेऊन जमू लागली. चहा, ज्यूकबॉक्स आणि रस्त्यावर शंभराचा आकडा गाठायची ईर्षा. हे शंभर मैलांचे, म्हणजे आपले 160 किलोमीटर. रेसच्या मैदानावरच्या गाड्या त्यांना परवडत नव्हत्या. मग रोजच्या गाडीवरून जे जे काढता येईल ते काढायचं, हँडल खाली घ्यायचं, पाय ठेवायची जागा मागं सरकवायची आणि टाकीवर छाती टेकून वाऱ्याखालून निघायचं. कॅफेवरून कॅफेवर पळणारी ती कॅफे रेसर.

यातला सगळ्यात मजेशीर भाग ट्रायटनचा. नॉर्टन कंपनीची रेससाठीची नवी फ्रेम 1950 मध्ये आली. बेलफास्टच्या मॅककँडलेस भावांनी ती तयार केली होती. हॅरॉल्ड डॅनियल या रेसरला त्या फ्रेमची गाडी पिसांच्या गादीसारखी वाटली, म्हणून तिचं नावच ‘फेदरबेड’ पडलं. वळणावर तिच्यासारखी दुसरी नव्हती. इंजिनाच्या बाबतीत मात्र ट्रायम्फचं दोन सिलिंडरचं इंजिन पोरांना जास्त आवडायचं. ते सहज मिळायचं आणि घासूनपुसून आणखी पळवता यायचं. आता गंमत बघा. त्याच काळात 500 सीसीच्या छोट्या कारची रेस इंग्लंडमध्ये जोरात होती आणि त्या कारवाल्यांना नॉर्टनचं रेसचं इंजिन हवं असायचं. कंपनी सुटं इंजिन देत नसे. मग ते अख्खी मोटारसायकल विकत घ्यायचे, इंजिन काढून कारमध्ये बसवायचे आणि सांगाडा बाजूला टाकायचे. इंजिन नसलेल्या या फ्रेमा पोरांच्या हाती आल्या. शिवाय ठोकलेल्या नॉर्टन गाड्या होत्याच. नॉर्टनच्या सांगाड्यात ट्रायम्फचं इंजिन बसवलं की झाली ट्रायटन. कुठल्याही कंपनीनं न बनवलेली, भंगारातून उभी राहिलेली गाडी. 1965 मध्ये डेव्ह डेगेन्स आणि रेक्स बुचर यांनी अशाच ट्रायटनवर बार्सिलोनाची 24 तासांची रेस जिंकली. बाकी शेकडो ट्रायटन कुणाच्या हातांनी, कुठल्या शेडमध्ये बनल्या त्यांची नावं नाहीत. मला यात नवल वाटलं नाही. सच्चर समितीच्या 2006 च्या अहवालात मुसलमान पुरुष ज्या धंद्यांत जास्त दिसतात त्यांत गाड्यांची दुरुस्ती आहे, पण आपल्या मोटारसायकलींच्या इतिहासात एखाद्या मिस्त्रीचं नाव मला अजून वाचायला मिळालेलं नाही.

कंपन्यांना उशिरा जाग आली. 1961 पासून ब्रिटनमध्ये शिकाऊ परवान्यावर 250 सीसीपेक्षा मोठी गाडी चालवायला बंदी झाली. तेव्हा रॉयल एनफिल्डनं 1964 च्या शेवटी 250 सीसीची कॉन्टिनेंटल जीटी काढली. फायबरची लाल टाकी, खाली घेतलेलं हँडल, पाच गिअर. पोरं रात्री जागून जे करत होती ते दुकानात तयार मिळू लागलं. पण ब्रिटिश मोटारसायकलींचे दिवस भरत आले होते. रेडिचचा कारखाना 1967 मध्ये बंद पडला, एस कॅफेला 1969 मध्ये टाळं लागलं. 1955 पासून मद्रासला बुलेट बनत होती ती मात्र बनतच राहिली, आणि त्यातलीच एक आमच्या जिन्याखाली होती. म्हणजे मी करणार होतो ती नक्कल निदान नात्यातली होती.

मध्येच एक गोष्ट सांगतो. लंडनमध्ये बिल शेरगोल्ड नावाचे एक पाद्री होते. चर्चच्या ‘59 क्लब’ या तरुणांच्या मंडळात त्यांनी 1962 मध्ये मोटारसायकलवाल्या पोरांना आणलं. त्यासाठी ते स्वतः मोटारसायकलवर बसून एस कॅफेला आमंत्रणं वाटायला गेले होते. वर्तमानपत्रं त्या वेळी या पोरांना गुंड म्हणत होती. आमच्याकडं जुम्म्याच्या बयानात बाइकवाल्या पोरांचा विषय निघतो तो फक्त सायलेन्सरच्या आवाजावरून. असो.

वाचताना एका गोष्टीवर मी फार थांबलो नाही, तिथं थांबायला हवं होतं. युद्धानंतर बरीच वर्षं ब्रिटनमधल्या कामगाराच्या घरची गाडी म्हणजे साइडकार लावलेली मोटारसायकल. बायको-मुलं शेजारच्या डब्यात. पुढं स्वस्त कार आल्या, 1959 मध्ये मिनी आली, आणि कुटुंब कारमध्ये जाऊन बसलं. मोटारसायकल उरली एकट्या पोरासाठी. एका सीटची गाडी तिथं शोभली, कारण दुसऱ्या सीटवर बसणारं माणूस आधीच उतरून गेलं होतं.

उस्तादांनी गाडी पाहिली आणि पहिल्यांदा ब्रेक उघडले. पुढचे लायनर झिजून गुळगुळीत झालेले. “आधी थांबायचं बघू, पळायचं मागनं,” म्हणाले. पस्तीसातले जवळपास निम्मे ब्रेक, इंजिनाचं बोअर-पिस्टन आणि वायरिंगमध्येच गेले. दिसायला काहीच बदल नाही. मी नाराज झालो तेव्हा त्यांनी दोन अटी घातल्या. फ्रेम कापायची नाही, आणि जे काढू ते सगळं पोत्यात घालून घरी ठेवायचं. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 बद्दल ते काही बोलले नाहीत, पण अटीमागं तेच शहाणपण असावं. पुढं जानेवारी 2019 मध्ये सुप्रीम कोर्टानं कंपनीच्या मूळ रचनेत फेरफार चालणार नाही असा निकाल दिला. आणि जप्त केलेले सायलेन्सर पोलीस रोडरोलरखाली घालतात ते फोटो आपण सगळ्यांनीच पाहिलेत. आमचा सायलेन्सर कंपनीचाच राहिला.

हँडलसाठी मला क्लिप-ऑन हवे होते, म्हणजे पुढच्या शॉकअपच्या नळ्यांना थेट आवळायचे दोन तुकडे. जुन्या बुलेटच्या नळ्या वरून पत्र्यानं झाकलेल्या, हेडलाइटचं घर त्यांच्यावरच बसलेलं. ते सगळं बदलायचं तर खर्च वाढणार. मग जुन्या कॅफेचा उपाय कामाला आला. क्लिप-ऑन न परवडणारी पोरं एकच नळी खाली वाकवून मूळच्याच क्लॅम्पमध्ये बसवत. तिला एस बारच म्हणत. दवाखान्याच्या कॉटा बनवणाऱ्या एका कारागिरानं नळी वाकवून दिली, चारशे रुपयांत. फायबरच्या टाकीचा नाद उस्तादांनीच सोडायला लावला. आताच्या पेट्रोलमधलं इथेनॉल तसलं फायबर खातं, पाझर सुटतो. जुन्या बाजारातून दुसरी लोखंडी टाकी आणली आणि डेंटरनं ठोकून तिला गुडघ्यांसाठी खळगे केले. पायाची जागा मागं नेल्यावर उजवीकडचा गिअर उलटा फिरवून बसवावा लागला. बुलेटचा पहिला गिअर वर आणि बाकीचे खाली, तो आता पहिला खाली आणि बाकीचे वर झाला. आठवडाभर मी चौकात चुकीचा गिअर टाकून शिव्या खाल्ल्या.

सगळ्यात शेवटी सीट. पत्र्याच्या पाटावर फोम, मागं कुबड, वर काळं रेक्झिन. मूळच्याच बोल्टांवर बसली. मागचे फूटरेस्ट, पकडायची दांडी आणि डाव्या बाजूचं साडीगार्ड पोत्यात गेलं. गाडी घरी आणली. लाल टाकी उन्हात चमकत होती, गल्लीतली पोरं गोळा झाली. अम्मी दारात आली, गाडीभोवती एक फेरी मारली, आणि तिनं विचारलं, “मी कुठं बसू?”

मला उत्तर देता आलं नाही. याच गाडीवर एका बाजूला पाय सोडून बसून ती सव्वीस वर्षं माहेरी, बाजाराला, दवाखान्यात गेली होती. अब्बांनी नवी गाडी घेतली तेव्हा साडीगार्ड तिनं स्वतः हलवून बघितलं होतं. आपल्या देशातल्या 1989 च्या मोटार वाहन नियमांत मागं बसणाऱ्यासाठी धरायला दांडी, पाय ठेवायला जागा आणि कपडे अडकू नयेत म्हणून निम्मं चाक झाकणारं संरक्षण असावं असं लिहिलंय. ज्यांनी ते लिहिलं त्यांना आपल्या मोटारसायकलीवर कोण बसतं ते माहीत होतं. मी लंडनची गाडी आणली, पण आमच्या घरातलं कुणी कारमध्ये जाऊन बसलेलं नव्हतं.

उस्तादांना सांगितलं तर ते हसले. पोतं कशासाठी ठेवायला सांगितलं, म्हणाले. लांब सीट, दांडी, फूटरेस्ट सगळं परत बसवता येत होतं. हँडल आणि टाकी तशीच ठेवली. आता रविवारी सकाळी मी कुबडाची सीट लावून अंकलीच्या पुलापर्यंत जाऊन येतो. गाडी नव्वदच्या पुढं गेली की आरसे थरथरतात, म्हणून तिथंच थांबतो. दहा वाजेपर्यंत अम्मीची सीट परत लागलेली असते. सीटचं काम पाच मिनिटांचं. साडीगार्डला वेळ लागतो, कारण खालच्या बोल्टचे आटे गेलेत आणि तो उस्तादांकडूनच बदलून घ्यायचा राहिलाय.