ड्रॅगनचं सोनं गावात आलं, तर पावाचा भाव काय होईल? फँटसी गेममधलं अर्थकारण खरं वाटावं यासाठी काय करायचं?

चार खेळाडूंनी ड्रॅगन मारला. गुहेत सोन्याची १०,००० नाणी सापडली. ती घेऊन ते जवळच्या खेड्यातल्या खाणावळीत आले. दुसऱ्या दिवशीही पाव जुन्याच भावाने मिळतोय, लोहाराची तलवारही तेवढ्यालाच आहे. मग एखादा खेळाडू विचारतो, "आता पुन्हा जीव धोक्यात कशाला घालायचा?"

फँटसी रोलप्लेइंग गेममध्ये एक जण 'गेम मास्टर' होऊन जग उभं करतो आणि बाकीचे त्या जगातली पात्रं होऊन निर्णय घेतात. लाच घ्यायची का, कर्ज काढून घोडा घ्यायचा का, हे निर्णय पैशाला किंमत असेल तरच अवघड वाटतात. ती किंमत संपली की खेळातली मजाही जाते.

मग असं जग रचताना सुरुवात कुठून करायची?

आधी रोजंदारी ठरवा

'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा या प्रकारातला सर्वांत प्रसिद्ध खेळ १९७४ मध्ये आला. त्याच्या पाचव्या आवृत्तीच्या २०१४ मधल्या 'प्लेअर्स हँडबुक'नुसार सोन्याचं १ नाणं म्हणजे चांदीची १० किंवा तांब्याची १०० नाणी. अकुशल मजुराला दिवसाला चांदीची २ नाणी मिळतात. याच पुस्तकातल्या किमती मजुरीत मोजल्या तर असं चित्र दिसतं:

- गाय (सोन्याची १० नाणी): ५० दिवसांची मजुरी
- लांब तलवार (१५ नाणी): ७५ दिवसांची मजुरी
- पूर्ण पोलादी चिलखत (१,५०० नाणी): ७,५०० दिवसांची मजुरी. वर्षाला ३०० दिवस काम धरलं, तर २५ वर्षं
- कोंबडी (तांब्याची २ नाणी): एका दिवसाच्या मजुरीत १० कोंबड्या

चिलखताची किंमत पटते, कारण ते सरदारांनाच परवडायचं. पण दिवसाच्या मजुरीत १० कोंबड्या आजच्या मजुरालाही परवडणार नाहीत. म्हणजे छापील तक्ता जसाच्या तसा घेऊन चालत नाही. तो साहसी खेळाडूंच्या सोयीसाठी बनवलेला असतो.

खेळाचे एक निर्माते गॅरी गायगॅक्स यांनी १९७८ च्या पुस्तकात हे मान्यच केलं होतं. खेळातल्या चढ्या किमती समजावताना त्यांनी 'गोल्ड रश'च्या काळातल्या अलास्कातल्या गावांचं उदाहरण दिलं होतं. तिथे एक अंडं एका डॉलरला विकलं जायचं.

अचानक सोनं आलं की काय होतं?

१०,००० सोन्याची नाणी म्हणजे ५०,००० दिवसांची मजुरी. गावात २०० मजूर असतील, तर सगळ्यांना २५० दिवस पुरेल एवढी रक्कम. शिवाय याच नियमांनुसार ५० नाण्यांचं वजन एक पौंड असतं. म्हणजे हा खजिना सुमारे ९० किलोंचा. तो वाहणार कोण? मोडून देणार कोण?

इतिहासात याचं एक उदाहरण आहे. मालीचा सम्राट मन्सा मुसा १३२४ मध्ये मक्केच्या वाटेवर कैरोत थांबला आणि त्याने सढळ हाताने सोनं वाटलं. अल-उमरी या लेखकाच्या नोंदीनुसार, आधी सोन्याच्या एका मिस्कालला किमान २५ दिरहम मिळायचे. नंतर तो भाव २२ किंवा त्याहून खाली आला आणि सुमारे १२ वर्षांनीही सावरला नव्हता. कैरोसारख्या मोठ्या बाजारपेठेत हे घडलं, तर छोट्या खेड्याचं काय होईल?

गेम मास्टरला इथेच गोष्टी सापडतात. धान्य महागतं, मजूर शेत सोडून जातात, दूरचे व्यापारी येतात, त्यांच्यामागे चोर येतात आणि शेवटी राजाचा वसुली अधिकारी दारात उभा राहतो.

नळ आणि मोरी

गेम डिझायनर पैशाचा विचार पाण्यासारखा करतात. पैसा जगात येतो तो नळ, बाहेर जातो ती मोरी. खजिना, खाण, बक्षीस हे नळ. कर, जकात, दुरुस्ती, घोड्याचा चारा, उपचार, नोकरांचा पगार या मोऱ्या. नळ मोठा आणि मोरी लहान असेल, तर महागाई ठरलेली.

पण नळ घट्ट बंद करूनही भागत नाही. १९९७ मध्ये आलेल्या 'अल्टिमा ऑनलाइन' या ऑनलाइन गेममध्ये सुरुवातीला साधनसंपत्तीचा एकूण साठा ठरावीक ठेवला होता. वस्तू नष्ट झाली की तिच्यातली सामग्री साठ्यात परत यायची. प्रत्यक्षात खेळाडूंनी वस्तू साठवून ठेवल्या, सामग्री परत आलीच नाही आणि ही रचना सोडून द्यावी लागली.

जादूचा हिशेब राहिला तर?

पाचव्या आवृत्तीत अन्न आणि पाणी निर्माण करणारा एक मंत्र आहे. तो एकदा म्हटला की १५ माणसांची दिवसाची सोय होते. पाचव्या पातळीचा धर्मगुरू तो दिवसातून दोनदा वापरू शकतो, म्हणजे ३० माणसं. मग दुष्काळ का पडतो? असे धर्मगुरू किती आहेत, ते कुणासाठी काम करतात आणि त्याची किंमत काय घेतात, हे आधी ठरवावं लागतं.

सगळं नाण्यांनीच चालतं का?

नाही. महाराष्ट्रातल्या बलुतेदारी पद्धतीत सुतार, लोहार, कुंभार यांना वर्षभराच्या कामाबद्दल पिकातला वाटा मिळायचा. असं खेडं खेळात आणलं, तर सोन्याचं नाणं दाखवूनही लोहार लगेच तलवार बनवणार नाही. पेरणीआधी गावाचे नांगर दुरुस्त करणं त्याच्यावर बंधनकारक असेल.

पेशवाईत वेगवेगळ्या टांकसाळींचे रुपये चालायचे आणि ते बदलून देताना सराफ बट्टा कापायचे. ड्रॅगनच्या गुहेतल्या जुन्या नाण्यांनाही तोच नियम लावता येतो.

पहिल्या सत्राआधी एवढं ठरवा

- मजुराची दिवसाची कमाई किती आणि त्यात पोट भरतं का?
- गावात काय पिकतं, काय बाहेरून येतं?
- तो रस्ता किंवा नदी कुणाच्या ताब्यात आहे?
- कर कोण घेतं आणि कशात घेतं, नाण्यांत की धान्यात?
- खेळाडूंचा पैसा कुठे खर्च होणार?

अख्ख्या साम्राज्याचा ताळेबंद मांडायची गरज नाही. एका गावाची ही पाच उत्तरं तयार असली, तर खेळाडू सोनं घेऊन खाणावळीत शिरतील तेव्हा मालकीणबाई काय म्हणतील, हे गेम मास्टरला आधीच माहीत असेल. बहुधा त्या म्हणतील, "एवढ्या मोठ्या नाण्याची मोड नाही हो माझ्याकडे!"