पाच गाड्यांची मर्यादा

वीज कंपनीचे आवार म्हटले म्हणजे तारेचे कुंपण, ट्रान्सफॉर्मर आणि धोक्याची पाटी एवढेच आपल्या डोळ्यांपुढे येते. परंतु वीज घरोघर पोचवावयाची तर खांब वाहणारे ट्रक लागतात, दुरुस्तीच्या गाड्या लागतात, आणि रात्री त्या कोठेतरी उघड्यावर उभ्या कराव्या लागतात. कंपनी म्हणते, जागा आमची आणि काम लोकांचे. शेजारचा गृहस्थ म्हणतो, पहाटे इंजिने सुरू होतात ती माझ्या खिडकीखाली! दोघेही खोटे बोलत नाहीत. मग निवाडा कोणी करावयाचा?

या प्रश्नाचा इतिहास पाहावयाचा तर अमेरिकेतील ओहायो राज्यात, क्लीव्हलंड शहराला लागून असलेल्या युक्लिड या गावी जावे लागते. कोणत्या भागात घरे, कोठे दुकाने, कोठे कारखाने हे कायद्याने ठरविण्याची पद्धत, जिला तिकडे झोनिंग म्हणतात, न्यूयॉर्कने १९१६ साली सबंध शहराला लागू केली. (आपल्या मुंबई इलाख्याचा नगररचना कायदा त्याच्याही आदल्या वर्षीचा, त्याची रीत मात्र निराळी.) युक्लिडने १३ नोव्हेंबर १९२२ रोजी आपला कायदा केला व वापरांचे सहा वर्ग पाडले.

ही यादी मोठी वाचनीय आहे. पाण्याची टाकी आणि जलाशय पहिल्या वर्गात, म्हणजे थेट बंगल्यांच्या शेजारी. टेलिफोनचे केंद्र आणि विजेचे उपकेंद्र चौथ्या वर्गात, दुकाने व नाटकगृहे यांच्या सोबतीला. गॅस तयार करण्याचा कारखाना सहाव्यात; तेथे त्याचे शेजारी कोण, तर विमानतळ, स्मशान आणि तुरुंग! गाड्यांचे काय? तबेला किंवा गाडीखाना चौथ्या वर्गात चाले, पण पाच घोडे, पाच घोडागाड्या किंवा पाच मोटार ट्रक यांच्यापुढे नाही. ट्रामगाड्यांची कोठारे आणि पाचांहून अधिक घोड्यांचे तबेले पाचव्या वर्गात ढकलले होते. यादी करणाऱ्यांनी जमिनीचा मालक कोण हे विचारले नाही. त्या जमिनीवर काय चालते हे विचारले. सार्वजनिक सेवा म्हणून सगळ्यांना एकच माप त्यांनी लावले नाही, यातच त्यांचे शहाणपण दिसते.

अँबलर नावाच्या जमीन कंपनीने दावा लावला. तिची ६८ एकर जमीन होती. कारखान्यांसाठी एकरी दहा हजार डॉलर येतील, घरांसाठी अडीच हजारच, असे तिचे म्हणणे. १९२४ साली खालच्या न्यायालयाने कायदा रद्द ठरविला. अशाने माणसांची वर्गवारी त्यांच्या मिळकतीवरून होते, असा इशाराही न्यायमूर्ती वेस्टनहेव्हर यांनी दिला. तो खोटा होता असे आज कोणी म्हणणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने मात्र २२ नोव्हेंबर १९२६ रोजी सहा विरुद्ध तीन मतांनी गावाची बाजू घेतली. न्यायमूर्ती सदरलँड यांनी डुकराचा दाखला दिला: अंगणात ते शोभते, दिवाणखान्यात नाही. गंमत अशी, की दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्याच जमिनीवर कारखाना उभा राहिला.

पण विजेची तार एका गावापुरती नसते. एक गाव अडून बसले तर पुढची दहा गावे अंधारात. म्हणून काही राज्यांनी अखेरचा शब्द स्वतःकडे ठेवला. मॅसॅच्युसेट्स राज्यात सेवा कंपनी गावच्या नियमातून सूट मागू शकते. परंतु राज्याच्या खात्याला त्यासाठी जाहीर सुनावणी घ्यावी लागते, तीही त्याच गावात, आणि जमिनीचा तो वापर लोकांच्या सोयीसाठी वा हितासाठी वाजवीपणे आवश्यक आहे असे ठरवावे लागते. येथे खरी कसोटी लागते. तुटलेली तार जोडणारा ट्रक आवश्यक, हे कोणीही मान्य करील. पण तारांखालची मोकळी पट्टी कंपनीने एखाद्या मोटार-विक्रेत्याला भाड्याने दिली आणि तेथे न खपलेल्या मोटारींच्या रांगा लागल्या, तर? माझ्या मते तो निव्वळ भाड्याचा धंदा झाला. विजेचे नाव त्याला लावता येणार नाही.

सूट नसेल तेथे गावचे मंडळ बारकाईने विचारते: गाड्या किती, हलणार केव्हा, गळलेले तेल विहिरीत उतरेल काय, कुंपणालगत झाडे लावणार काय. युक्लिडच्या चौथ्या वर्गात या सगळ्याचे उत्तर एका आकड्यात होते: पाच.