पद्मिनीचा आवाज : मूळ पाठ आणि प्रक्षेप

मोटारीचा इतिहास म्हणून आपण बहुधा कारखान्याचा इतिहास लिहितो. संस्थापक, परवाने आणि नमुन्यांची वर्षे त्यात येतात. गाडी विकत घेऊन वीस-तीस वर्षे वापरणाऱ्याचा हात मात्र कुठे उमटत नाही. प्रीमियर पद्मिनीच्या बाबतीत हा हात शोधायचा झाल्यास तो तिच्या ध्वनियंत्रणेत शोधावा, असे आम्हांस वाटते.

वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्याच्या कारखान्यात फियाटच्या परवान्यावर मोटारी बांधल्या. १९६४ची ‘फियाट ११०० डिलाइट’ १९७२ साली ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ झाली आणि १९७४ साली ‘प्रीमियर पद्मिनी’. ठाणे, डोंबिवली, कल्याण ही गावे कुर्ल्याशी एकाच लोहमार्गाने जोडलेली. पुढे याच कंपनीच्या डोंबिवलीजवळच्या कारखान्यात १९९०च्या दशकात काही काळ प्यूजो ३०९ ही गाडीही तयार झाली. त्यामुळे या पट्ट्यात मोटार ही केवळ श्रीमंताच्या दारातली वस्तू नव्हती. पाना आणि सोल्डरिंगची कांडी हाती धरणाऱ्यांच्या परिचयातली ती गोष्ट होती.

अमेरिकेत गॅल्विन यांच्या कंपनीने १९३० साली मोटारीतला रेडिओ बाजारात आणला आणि त्याचे ‘मोटोरोला’ हे नाव पुढे कंपनीचेच नाव झाले. आपल्याकडे मोटारीतल्या रेडिओसही घरच्या रेडिओप्रमाणे सरकारी परवाना लागे. ही परवानापद्धती १९८०च्या दशकाच्या मध्यास संपली. त्याच दशकात कॅसेट स्वस्त झाली आणि गाडीत काय ऐकायचे हे आकाशवाणीऐवजी गाडीचा मालक ठरवू लागला. सुटे भाग लॅमिंग्टन रोडवरून किंवा उल्हासनगरच्या बाजारातून आणावेत, मागच्या काचेखालच्या फळीवर दोन स्पीकर बसवावेत आणि वायरिंग स्वतःच करावे, हा पुष्कळांचा रविवारचा उद्योग झाला. गाडीचा पत्रा कारखान्याचा असला, तरी तिचा आवाज मालकाने दिलेला होता.

आज हा प्रश्न नव्याने उभा राहिला आहे. २०२१ साली केंद्र सरकारने जुन्या वाहनांच्या नोंदणीचे स्वतंत्र नियम केले. पन्नास वर्षांहून जुने, मूळ रूपात राखलेले आणि चासी, सांगाडा व इंजिन यांत मोठा फेरफार न झालेले वाहन त्यांनुसार ‘व्हिंटेज’ ठरते. १९७४च्या पद्मिनीने २०२४ साली पन्नाशी गाठली. ‘मूळ रूप’ हा शब्द आता संग्राहकांच्या गप्पांतून कायद्यात आला आहे. मग जुन्या गाडीत स्वतःच्या हाताने नवी ध्वनियंत्रणा बसवणे हा अपराध मानावा काय?

येथे साहित्याच्या अभ्यासकांस एक ओळखीचे उदाहरण देता येईल. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली हाती घेतलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ साली पूर्ण झाली. सुकथनकर आणि त्यांच्या नंतरच्या संपादकांनी प्रक्षिप्त वाटलेले श्लोक फेकून दिले नाहीत. ते तळटीपांत आणि परिशिष्टांत जपले. कोणता भाग केव्हाचा, हे वाचकास कळावे आणि संपादकाचा निर्णय कोणालाही पुन्हा तपासता यावा, ही त्यामागची शिस्त.

हीच शिस्त गॅरेजातही लागू पडते. डॅशबोर्डाचा पत्रा कापून नवा प्लेअर बसवणे म्हणजे पोथीवरचा मजकूर खरवडून त्यावर आपला लिहिणे होय. त्याऐवजी प्लेअर डॅशबोर्डाखाली वेगळ्या पेटीत टांगता येतो. स्पीकर मागच्या फळीवर ठेवलेल्या दुसऱ्या लाकडी फळीत बसतात. तारा नव्या ओढाव्यात, त्यांचा फ्यूज बॅटरीलगत असावा, आणि मूळ वायरिंगला कोठेही छेद देऊ नये. जुन्या डायनॅमोची मर्यादाही ओळखली पाहिजे. शंभर वॉटचा अ‍ॅम्प्लिफायर पूर्ण जोमात १२ व्होल्टांवर आठ अँपियरहून अधिक प्रवाह ओढतो. जवळजवळ तितकाच पुढच्या दिव्यांना लागतो. मंद फिरणाऱ्या इंजिनावर डायनॅमो फारसा प्रवाह देत नाही. पावसाळ्याच्या संध्याकाळी शीळफाट्याच्या कोंडीत दिवे, वायपर आणि गाणे तिन्ही चालू ठेवल्यास भार बॅटरीवरच पडतो. शिवाय इंजिनाचा वेग वाढला की स्पीकरात शीळ चढत जाते. डायनॅमोवर कंडेन्सर लावून ती पुष्कळ कमी करता येते. लहान अ‍ॅम्प्लिफायर निवडणे ही येथे केवळ काटकसर नसून गाडीचे वाचन नीट केल्याची खूण आहे.

यातूनच एक उलट प्रश्नही निघतो. पूर्वीच्या मालकाने १९८५च्या सुमारास फळीत पाडलेली स्पीकरची दोन भोके आज बुजवावीत काय? शुद्धतेचा आग्रही ‘होय’ म्हणेल. आमच्या मते ती राहू द्यावीत. कारखान्याने गाड्या हजारोंनी सारख्याच बनवल्या. ती भोके त्या एकाच गाडीची आहेत. २०२३च्या ऑक्टोबरात मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींतूनही पद्मिनी बाहेर पडली. आता उरलेल्या गाड्यांना कारखान्यातून निघाल्या दिवसाचे रूप देताना तिथे बसून लोकांनी काय ऐकले याची खूण पुसली गेली, तर आपल्या हाती पुन्हा कारखान्याचाच इतिहास उरेल.