स्पॅगेटी

स्पॅगेटी हा इटलीतील लांब, बारीक व गोल काडीच्या आकाराचा पास्ता आहे. इटालियन भाषेत ‘स्पागो’ म्हणजे दोरा. त्याच्या लघुत्वदर्शक रूपाचे अनेकवचन म्हणजे स्पॅगेटी.

घटक

वाळवलेली स्पॅगेटी ड्युरम गव्हाचा रवा व पाणी यांपासून तयार करतात. या कठीण गव्हातील प्रथिनांमुळे शिजल्यावरही काडीचा आकार टिकतो. इटलीत १९६७ च्या कायद्याने वाळवलेल्या पास्त्यासाठी हाच गहू आवश्यक ठरविला. महाराष्ट्रात ड्युरम गहू ‘बन्सी’ या नावाने परिचित असून शेवयांसाठीही वापरला जातो.

इतिहास

मार्को पोलोने पास्ता चीनमधून आणला, हा समज निराधार आहे. तो १२९५ मध्ये व्हेनिसला परतला. परंतु सिसिलीतील त्राबिया येथे पास्ता तयार होऊन निर्यात होत असल्याची नोंद भूगोलकार अल-इद्रिसी याने ११५४ मध्येच केली होती. पुढे नेपल्स व त्याजवळील ग्रान्यानो ही गावे या उद्योगासाठी प्रसिद्ध झाली.

शिजविण्याची पद्धत

१०० ग्रॅम स्पॅगेटीस सुमारे १ लिटर पाणी व १० ग्रॅम मीठ असे प्रमाण रूढ आहे. पाणी खळखळून उकळल्यावर काड्या न मोडता सोडतात. बुडालेला भाग मऊ होताच उरलेला भागही हळूहळू आत जातो. पाण्यात तेल घालत नाहीत. काडी दाताखाली किंचित कडक लागेल इतपतच शिजवितात. या अवस्थेस ‘अल देन्ते’ म्हणतात. निथळल्यावर ती धूत नाहीत, कारण पृष्ठभागावरील पिष्टामुळेच सॉस तिला चिकटून राहतो. शेवटी ती सॉसमध्ये परतून थोडे शिजविलेले पाणी घालतात. त्यामुळे सॉस मिळून येतो.

खाण्याची पद्धत

थोड्याच काड्या काट्यावर घेऊन, त्याची टोके ताटलीच्या कडेला टेकवून तो फिरवितात व घट्ट गुंडाळी एका घासात खातात. सुरीने कापणे शिष्टसंमत नाही. चमच्याचा आधारही इटलीत सहसा घेत नाहीत. तथापि हा शिष्टाचार सार्वत्रिक नव्हता. एकोणिसाव्या शतकातही नेपल्सच्या रस्त्यांवर गोरगरीब लोक विक्रेत्यांकडून चीज भुरभुरलेला गरम पास्ता घेत आणि मान मागे टाकून, हाताने उंच धरून तो खात असत. आज ‘परंपरा’ म्हणून सांगितली जाणारी रीत प्रत्यक्षात काट्याच्या प्रसाराबरोबर रुजलेली आहे.